‘नेमले’, ‘झाले’ की ‘चालू राहिले’?

शंका: २६ जानेवारी १९५० ला, म्हणजे राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, फेडरल कोर्टाचे (सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या न्यायालयाचे) न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयावर ‘नेमले गेले’, हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘सिटिंग जज’ म्हणजे विद्यमान, कार्यरत की पदस्थ?

उत्तर: ‘नेमले गेले’ नको. नेमणूक म्हटली की राष्ट्रपतींचा नवा आदेश आला. तो इथे लागलाच नाही. अनुच्छेद ३७४(१) नुसार ते न्यायाधीश घटनेच्या प्रारंभाबरोबर आपोआप सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ‘झाले’. अट एकच: त्यांनी वेगळा पर्याय पत्करलेला नसावा. मूळ इंग्रजीत इथे ‘इलेक्टेड अदरवाइज’ आहे. त्याचा निवडणुकीशी काडीचाही संबंध नाही, म्हणून ‘निवडून आले’ हे भाषांतर अर्थाचा अनर्थ करते.

उच्च न्यायालयांसाठी हेच ३७६(१) मध्ये आहे. पण ३७६(३) जरूर वाचा: हंगामी आणि अतिरिक्त न्यायाधीश त्यात धरलेले नाहीत. म्हणून ‘कार्यरत’ फसवा शब्द आहे, कारण हंगामी न्यायाधीशही कार्यरतच असतो. बातमीत ‘विद्यमान’ चालेल. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘प्रारंभाच्या लगतपूर्वी पद धारण करणारे’ असेच लिहावे. लांब आहे, पण तारीख त्यातच बांधलेली आहे.

पुरवणी: पगाराचाही शब्द आहे. घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे वेतन ३,५०० रुपये ठरले. आधी जास्त मिळत असेल, तर फरकाची रक्कम ‘विशेष वेतन’ म्हणून मिळे. त्याला ‘भत्ता’ म्हणू नये.

आणखी एक शंका: खालच्या न्यायालयांनाही ‘झाली’ म्हणायचे का? उत्तर: नाही, त्यांना ‘झाली’ लागू होत नाही. ३७५ नुसार दिवाणी, फौजदारी, महसुली न्यायालये आपापले काम करत ‘चालू राहिली’. ती बदललीच नाहीत.

फेडरल कोर्टातली प्रलंबित प्रकरणे मात्र सर्वोच्च न्यायालयाकडे ‘वर्ग झाली’. कोर्टात रोज हाच शब्द चालतो, ‘स्थानांतरित’ कशाला? यात ‘प्रलंबित’ हा शब्द जपून वापरा. हैदराबाद संस्थानात (तेव्हा मराठवाडा त्यातच होता) उच्च न्यायालयावर ज्युडिशियल कमिटी होती, म्हणजे त्याच्या निकालांवरची अपिले ऐकणारी संस्था. ३७४(४) ने तिचा अधिकार संपवला आणि तिच्यापुढची प्रकरणे दिल्लीला वर्ग केली. तिथल्याच जनार्दन रेड्डी खटल्यात फाशीच्या शिक्षांवर हैदराबादच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर १९४९ मध्येच शिक्कामोर्तब केले होते आणि प्रकरण कमिटीपुढे नव्हते. वर्ग करायला काही उरले नव्हते, आणि निकाल घटनेआधीचा म्हणून अनुच्छेद १३६ खालचे विशेष अपील, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या खास परवानगीने तिथे करायचे अपील, तेही मिळाले नाही. ‘प्रलंबित’ म्हणजे निकाल न लागलेले एवढेच नव्हे. कोणापुढे प्रलंबित, हे लिहावेच लागते.

तेव्हा आपले वाक्य असे करा: ‘२६ जानेवारी १९५० च्या लगतपूर्वी पदावर असलेले फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि तिथली प्रलंबित प्रकरणे त्या न्यायालयाकडे वर्ग झाली.’