दिवाळी अंकाची कथा की गणपतीचं मंडळ? तुम्ही काय सोडता?

खिडकीची जागा
रविवारी आमच्या सोसायटीची गणपतीची मीटिंग आहे. मला न विचारताच यादीत माझं नाव तीन ठिकाणी घातलंय: मुलांची नाटुकली, कार्यक्रमांचं निवेदन, स्मरणिका. यंदा नाही म्हणायचं ठरवतेय, पण त्याआधी इथे भांडून घ्यावं म्हणून हा धागा.

राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात. वर्षाला एक, फार तर दोन कथा होतात, त्याही दिवाळी अंकाचं पत्र आलं की. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले आणि कथेची मुदत २० ऑगस्ट होती. त्या आठवड्यात मी आठ मुलांकडून उंदीरमामाचे संवाद पाठ करून घेत होते आणि रात्री स्मरणिकेतल्या जाहिरातींचं शुद्धलेखन तपासत होते. कथा विसर्जनानंतर पाठवली. संपादकांनी गोड शब्दांत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आलेत आणि मुदत ३१ ऑगस्ट. म्हणजे पुन्हा तेच.

माझं मत: लिहिणाऱ्यानं मंडळात जावं, पण मंडळासाठी लिहू नये. खुर्च्या मांडीन, प्रसादाच्या पुड्या बांधीन, वर्गणीला चार मजले चढेन. निवेदन, मानपत्र, श्रद्धांजलीचा मजकूर, आभाराची यादी मात्र नको. त्यात वेळ जातो त्याचं एवढं काही नाही, कान बिघडतो. तीन दिवस ‘ज्यांच्या अथक परिश्रमातून’ लिहिलं की चौथ्या दिवशी कथेतली म्हातारीसुद्धा तसंच बोलायला लागते.

टाचणवही
अर्धवट कशाला, पूर्णच सोडा. खुर्च्या मांडायला गेलात की तासाभरात माइक हातात येतोच. मी सात वर्षांपूर्वी सोडलं. दोन महिने जिन्यात कोणी धड बोललं नाही, मग सगळे विसरले. तुमच्या डोंबिवलीत तर विचारायलाच नको. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ पासून तुमचीच, मग गणपती, नवरात्र, दसऱ्याला लोकलच्या डब्याची पूजा, कोजागिरी. सगळीकडे हो म्हणालात तर लिहायला पितृपक्ष तेवढा उरतो.

वर्गणीवाला
टाचणवही, सात वर्षांत लिहिलंत काय, ते सांगायचं राहिलं.

मी गिरगावातला, तीस वर्षं पावतीपुस्तक घेऊन फिरतोय. तुम्हा लेखक मंडळींना मंडळ म्हणजे फक्त खोळंबा वाटतो. पूर्वी गणपतीत मेळे असत, म्हणजे गाणी-संवादांचे कार्यक्रम करणारी पथकं. दर वर्षी पदं नवी, संवाद नवे, आणि लिहिणारा बहुतेक वेळा गल्लीतलाच. विनोद पडला तर त्याच रात्री कळायचं. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, ते कामगारांसमोर लिहून, गाऊन. त्यांना कोणी शांत खोली दिली नव्हती. हल्लीच्या अंकांतल्या निम्म्या कथा एकाच फ्लॅटमध्ये घडतात. नवरा, बायको, कॉफी, खिडकीबाहेर पाऊस. दार उघडून खाली आलं तर तिसरं पात्र भेटेल की!

खिडकीची जागा
फ्लॅटचं कबूल. पण ऐकायला मिळतं ते खुर्चीवर बसणाऱ्याला, निवेदन करणारीला नाही. २०१७ साली ९० वं साहित्य संमेलन आमच्याकडे झालं तेव्हा मी स्वयंसेवक होते. तीन दिवसांत एक परिसंवाद धड ऐकला नाही. ओळखपत्रं वाटत होते.

आणि अण्णाभाऊंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कलापथकासाठी लिहिणं हेच त्यांचं लेखन होतं. मी जी स्मरणिका करते तिच्यात अध्यक्षांचं मनोगतही मीच लिहिते, त्यांच्या नावानं.

सोळा भाज्या
हा वाद ज्यांच्या घरी गौरी दुसरं कोणी करतं त्यांचा. मंडळ की लेखन? अहो, मधे घर आहे. डबे, शिकवण्या, सासूबाईंच्या गोळ्या, आणि गणपतीत गौरी. आदल्या रात्री भाज्या निवडायच्या, सकाळी पुरण, दुपारी सवाष्णी, संध्याकाळी हळदीकुंकू. मंडळ मी कधीच सोडलं, तरी कथा कुठे झाली?

आणि आता कोणी बहिणाबाईंचं नाव काढू नका. जात्यावर ओवी सुचते, हात आणि तोंड बरोबर चालतं. बारा पानांची कथा पुरण वाटताना चालत नाही. शिवाय त्यांच्या ओळी कागदावर उतरवायला त्यांचा मुलगा सोपानदेव होता. माझा मुलगा चार्जर शोधतोय.

टाचणवही
वर्गणीवाले, तीन कथा आणि एक अर्धी कादंबरी. अर्धी आहे हे मान्य.

मंडई
इकडे पूर्व विदर्भात हा प्रश्न असा पडतच नाही. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, नाटक कंपन्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यात वडशाला आहेत, तिथून नाटकं ठरतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत चालतो, आणि थंडी संपेपर्यंत हंगाम असतो. लेखकाला ठाऊक असतं की संहिता दिवाळीआधी हातात हवी, नाहीतर तालीम नाही. उत्सवच त्याला लिहायला बसवतो. तुमच्याकडे उत्सव लेखकाकडून फक्त आभारप्रदर्शन मागतो, हे खरं दुखणं आहे असं वाटते.

वर्गणीवाला
तिथे तिकीट लागतं, लेखकाला पैसे मिळतात. आमच्याकडे नारळ आणि शाल.

मंडई
मग निदान नारळ तरी नाटुकलीच्या लेखिकेला द्या. अध्यक्षालाच देता ना?

खिळेजुळारी
छापखान्याच्या बाजूनं बोलतो, कारण इथे सगळे संपादकाला शिव्या द्यायच्या बेतात दिसतात. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. ऑगस्टची मुदत कोणी तुमच्या गणपतीवर खार खाऊन ठेवत नाही. कथा वाचून निवडायची, चित्रकाराकडे पाठवायची, अक्षरजुळणी, दोन मुद्रितं, मग पान लावायचं. जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येतात, त्यामुळे लावलेलं पान पुन्हा हलतं. पुढे छपाई आणि बांधणी, आणि त्या दिवसांत बाइंडरकडे रांग असते. अंक दिवाळीच्या आधी स्टॉलवर आणि वाचनालयात पोचला नाही तर गठ्ठे परत. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून सणाची तारीख काही कुणी पुढे ढकललेली नाही.

आणि हिशेब करा. गेल्या वर्षी गणपतीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत ५५ दिवस होते. यंदा १४ सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर, पुन्हा ५५. अधिक महिना आधी येऊन गेला की दोन्ही सण सोबतच सरकतात. मधेच आला तर वेगळं. २०२० साली अधिक आश्विन होता. गणपती २२ ऑगस्टला, लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला. तब्बल ८४ दिवस, शिवाय त्या वर्षी मंडळांचे कार्यक्रम जवळजवळ नव्हतेच. किती कथा झाल्या तुमच्या?

खिडकीची जागा
शून्य.

टाचणवही
ते वर्ष पुरावा म्हणून चालणार नाही. लोक हॉस्पिटलात खाटा शोधत होते.

खिडकीची जागा
काही शोधत होते. आम्ही लुडो खेळत होतो. खोटं कशाला बोलू? लोकल बंद, मंडप नाही, निवेदन नाही, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. दोन महिन्यांनी पहिल्यांदा भाजीच्या रांगेत पुढच्या बाईचं फोनवरचं भांडण ऐकलं आणि घरी येऊन चार ओळी लिहिल्या. त्यामुळे वर्गणीवाल्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. खाली जायला हवंच. टाचणवहींसारखं दार लावून मला जमणार नाही. पण खाली जाऊन पुन्हा शब्दांचीच वेठ का?

सोळा भाज्या
खिळेजुळारी, ‘मे महिन्यात लिहायला कोणी बंदी केली होती’ हे वाक्य तुमच्या ओठांवर आहे, मला दिसतंय.

खिळेजुळारी
आहे. पण मे महिन्यात तुमच्याकडे कुरडया आणि पाहुणे असतात हेही मला ठाऊक आहे, म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर मेमध्ये आलेल्या कथा मी दोनच पाहिल्या, आणि दोन्ही निवृत्त प्राध्यापकांच्या होत्या.

खिडकीची जागा
मीटिंग झाली. स्मरणिका नाही, निवेदन नाही, असं उभं राहून सांगितलं. नाटुकली ठेवली, कारण गेल्या वर्षीचा उंदीरमामा आता सातवीत आहे आणि त्यानं स्वतःच दोन पानं लिहून आणलीत. मला फक्त तालमीला बसायचंय. त्यातला मोदक बोलतो आणि बराच उद्धट आहे. प्रसादाच्या पुड्या माझ्याकडे, शेवटचे चार दिवस.

अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ‘बरोबर आहे ताई’ म्हणाले, आणि इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली.

वर्गणीवाला
लिहिलंत?

खिडकीची जागा
लिहिलं. पावणेदोन पानं. ‘अथक परिश्रम’ एकदाच आलंय.