घाटात जाणवणारा फरक फ्रेमच्या लवचिकतेचा की बसण्याच्या मापांचा?

घाटवाट: नमस्कार. माझ्याकडे दोन सायकली आहेत. पहिली जाड नळ्यांची अ‍ॅल्युमिनियमची असून तिच्या २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये मी १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवतो. दुसरी जुनी, बारीक नळ्यांची पोलादी आहे. तिचे टायर ३२ मिलिमीटरचे आहेत आणि हवा ६० च्या आसपास असते. माझे वजन ६२ किलो आहे. कात्रजचा जुना घाट पोलादी सायकलवर चढताना पाय एका लयीत फिरत राहतात आणि बोगद्यापाशी पोहोचल्यावरही दम शिल्लक असतो. याउलट अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर मांड्या लवकर भरून येतात आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. पोलाद लवते म्हणून सुखकर वाटते, असे एका दुकानदाराने सांगितले. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तास सायकलवर काढायचे असतील, तर अ‍ॅल्युमिनियमची सायकल विकून टाकावी का?

नळीजोड: विकण्याची घाई करू नका. तुमच्या दोन सायकलींत फ्रेमखेरीज टायरही वेगळे आहेत, आणि रस्त्याचे हादरे अंगापर्यंत किती पोहोचतात हे बहुतांशी टायरच ठरवतात. फ्रेमचे त्रिकोण उभ्या दिशेने फारच थोडे दबतात. ३२ मिलिमीटरचा टायर खड्ड्याच्या कडेवर त्याच्या कित्येक पट दबतो.

धातूविषयीही एक गैरसमज आहे. एकाच मापाच्या दोन नळ्या घेतल्या, तर अ‍ॅल्युमिनियमची नळी पोलादी नळीच्या साधारण एक तृतीयांश इतकीच ताठ असते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमा ताठ वाटतात त्या नळ्या जाड असल्यामुळे: पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला की तिचा ताठपणा जवळपास आठ पट होतो आणि वजन मात्र दुप्पटच होते. आयर्लंडचा व्यावसायिक सायकलपटू शॉन केली १९८० च्या दशकात व्हिटस ९७९ ही बारीक नळ्यांची, चिकटवून जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चालवत असे. ती लवचिक म्हणूनच ओळखली जाई, आणि तरीही त्याने तिच्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या.

आडवी लवचिकता मात्र खरी असते आणि ती डोळ्यांनी पाहता येते. सायकलशेजारी उभे राहून दोन्ही ब्रेक दाबून धरा, आपल्या बाजूचे पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर पाय ठेवून जोर द्या. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तो भाग, बाजूला सरकताना दिसेल. ही ऊर्जा वाया जाते असे सरसकट म्हणणे मला पटत नाही, कारण पोलाद स्प्रिंगसारखे जवळजवळ सर्व परत देते. त्यातले चाकापर्यंत किती पोहोचते आणि पायाकडेच किती परतते, एवढाच वाद उरतो.

ओळंबा: बोटे बधिर होण्याचा फ्रेमच्या धातूशी संबंध असेल असे मला वाटत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे: हात दुखतात म्हणून फ्रेम बदलली, नव्या फ्रेमवरही सीट आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड दांडा) जुन्याच मापांनी बसवून घेतले, आणि दुखणे जसेच्या तसे राहिले. त्यात एक अख्खा हंगाम गेला.

आधी मापे घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर दाबून धरा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ती सुरुवातीपुरती धरावी. मग सीटच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा लावून दोरी बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे पडते, हे दोन्ही सायकलींवर मोजा. सीट फार पुढे असेल, तर धडाचा भार पाय आणि बैठकीवर न राहता तळहातांवर येतो, आणि करंगळीकडे जाणारी नस तिथेच दाबली जाते.

नळीजोड: याला माझी पूर्ण सहमती आहे. दोन्ही सायकलींना एकाच मापाचे टायर लावा म्हणजे तुलना तरी न्याय्य होईल.

घाटवाट: दोघांचेही मनापासून आभार. पायाचे माप ७९ सेंटिमीटर निघाले, म्हणजे सीटची उंची सुमारे ६९.८ हवी. पोलादी सायकलवर ती ७० होती, तर अ‍ॅल्युमिनियमवर ७२ आणि शिवाय सीट तीन सेंटिमीटर पुढे. ती खाली व मागे घेतली, हँडल दूर वाटू लागले म्हणून ११० मिलिमीटरच्या जागी ९० चा स्टेम लावला, आणि दोन्ही सायकलींवर २८ मिलिमीटरचे टायर ७० पीएसआयवर चालवले.

दोन रविवारी तोच घाट चढलो. हादऱ्यांतला फरक मला आता जवळजवळ ओळखता येत नाही, आणि ऐंशी किलोमीटर झाले तरी बोटे शाबूत होती. मात्र उभे राहून चढताना पोलादी सायकलची चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) प्रत्येक जोरासरशी हलकीशी घासते, अ‍ॅल्युमिनियमची घासत नाही. आणि पायांना अजूनही तीच पोलादी लय आवडते. ब्रेव्हेला तीच नेणार आहे. अ‍ॅल्युमिनियमची सायकल विकणार नाही.