ट्वीडवर ऑक्टोबरअखेर सॅल्मन: फ्लाय कुठल्या आणि लाइन कुठली?

पाणकाठी

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्कॉटलंडमधल्या केल्सो गावाच्या खाली ट्वीड नदीवर बीट (मासेमारीचा ठरावीक पट्टा) घेतलंय. आम्ही दोघं मित्र, सोबत गिली (तिथला मासेमारीचा वाटाड्या) असेल, बोटही आहे पण जमेल तितकं पाण्यात उभं राहूनच टाकायचंय. उन्हाळ्यात फ्लोटिंग लाइन आणि बारीक डबल हुकवाल्या फ्लायवर (पिसं-केस बांधलेला गळ) मला ग्रिल्स (समुद्रात एकच हिवाळा काढून आलेले छोटे सॅल्मन) लागतात, तेवढं जमतं. ऑटममध्ये मात्र सगळंच बदलतं बहुतेक, गेल्या वर्षी याच सुमारास समोर मासे उड्या मारत होते, चांगले दांडगे, आणि माझ्या फ्लायकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तर विचारायचं असं की बॉक्समध्ये नेमकं काय काय ठेवू, लाइन सिंकिंगच लागते का, आणि पाऊस होऊन नदी चढली, पानं वाहायला लागली तर काय करायचं, काठावर बसून राहायचं का? रॉड १४ फुटी, ९ नंबरच्या लाइनचा आहे, स्पे कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच टाकणं) येतो पण फार लांब जात नाही. १५ सप्टेंबरनंतर ट्वीडवर फक्त फ्लायच चालते हे माहीत आहे, त्यामुळे स्पिनर (फिरणारं धातूचं आमिष) वगैरे नका सुचवू.

उत्तरेचा वारा

आधी लाइनबद्दल बोलू, फ्लाय नंतर. माझं ठाम मत आहे की ऑटममध्ये बहुतेक वेळा फ्लाय बरोबरच असते, फक्त ती चुकीच्या खोलीवर आणि चुकीच्या वेगाने फिरत असते. सॅल्मन समुद्रातून नदीत आला की खाणं बंद करतो हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणजे भुकेपोटी तो फ्लायमागे धावणार नाही. पाणी कोमट असतं तेव्हा तो तरतरीत असतो, वर येऊनही घेतो, म्हणून उन्हाळ्यात तुमची फ्लोटिंग लाइन चालली. पाणी साधारण १० डिग्री सेल्सियसच्या खाली गेलं की तो जागा सोडायला नाखूश असतो, फ्लाय त्याच्यापर्यंत न्यावी लागते आणि ती त्याच्यासमोरून सावकाश जावी लागते. म्हणून खिशात थर्मामीटर ठेवाच, साधा चालेल, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाण्यात धरायचा.

पाणी १० च्या वर असेल तर फ्लोटिंग लाइनला हळू बुडणारी टिप (पुढचा तुकडा) पुरते. ७-८ पर्यंत उतरलं की पूर्ण इंटरमीडिएट (हळू बुडणारी) लाइन किंवा सेकंदाला ३ इंच बुडणारी टिप लावा. लीडरचं (लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्याचं) बरेच जण विसरतात, फ्लोटिंगवर १०-१२ फूट ठीक आहे पण सिंकिंग लाइनवर लीडर ४-५ फुटांचाच ठेवायचा, नाहीतर लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते, मग सिंकिंग घेऊन काय मिळवलं?

आता वेग. जोराच्या धारेत फ्लाय जास्त खालच्या दिशेला टाका, म्हणजे काठाशी कोन लहान ठेवा, ती हळू फिरेल. संथ डोहात उलट करायचं, जवळजवळ समोर आडवी टाकायची म्हणजे प्रवाह लाइनला पोट आणतो आणि फ्लायला वेग मिळतो. टाकल्या टाकल्या वरच्या दिशेला एक मेंड करा (पाण्यावरची लाइन उचलून तिकडे वळवा), तेवढ्यात फ्लाय बुडायला वेळ मिळतो. एवढं करून एक-दोन पावलं खाली सरका आणि पुढची टाका, एकाच जागी उभं राहून तीच धार झोडपत बसण्यात अर्थ नाही. स्विंग (फ्लायचं धारेत आडवं फिरणं) संपून फ्लाय काठाशी सरळ खाली आली की लगेच उचलू नका, थोडी तशीच लटकू द्या, मग हाताने हळूहळू दोन-चार वेळा ओढा. थंड पाण्यात पुष्कळ मासे मागोमाग येऊन तिथेच घेतात.

कास्ट लांब जात नाही याची काळजी सोडा. तुमच्या रॉडला झेपेल तेवढीच टाका पण लाइन सरळ पडू दे. वारा नदीच्या खालच्या दिशेला वाहत असेल तर डबल स्पे, वरच्या दिशेला वाहत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. फ्लाय नेहमी अंगाच्या वाऱ्याआडच्या बाजूला असली पाहिजे, जड ट्यूब (नळीवर बांधलेली फ्लाय) डोक्याला लागली तर थट्टा नाही. चष्मा आणि टोपी घालूनच उभे राहा.

डोहवाली

वरचं खोली आणि वेगाचं सगळं मान्य, पण फ्लायला असं दुय्यम करून टाकणं मला पटत नाही. मी स्वतः फ्लाय बांधते आणि ऑटमच्या पाण्यात रंगाने फरक पडताना बघितलाय. एकाच बोटीतून, एकाच डोहात, एकसारखी लाइन असताना काळी फ्लाय उपाशी आणि नारिंगी फ्लायला मासा, असं होतं.

पहिली कॅस्केड. स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीच्या अ‍ॅली गाउन्स यांची, अ‍ॅलीज श्रिंपही त्यांचीच. शेपटीला पिवळे आणि नारिंगी केस त्यात चमकीचे दोन-चार धागे, अंग अर्धं चंदेरी अर्धं काळं, वरती काळा पंख, गळ्याशी पिवळी-नारिंगी पिसं. बांधताना शेपटी अंगाच्या दुप्पट लांब ठेवा आणि केस कमी घ्या. दुकानातल्या बऱ्याच कॅस्केड केसांनी गच्च भरलेल्या असतात, त्या पाण्यात झाडूसारख्या ताठ राहतात. हातात धरून तिच्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे, अशी विरळ असेल तर ती धारेत नुसती थरथरत राहते, तेच हवंय. पाणी स्वच्छ आणि मध्यम उंचीचं असेल तर ८ किंवा १० नंबर डबल, थोडं चढलेलं असेल तर ६ (नंबर लहान तसा गळ मोठा).

दुसरी विली गन. काळं अंग, सोनेरी तार, पंखात काळे, पिवळे, नारिंगी केस मिसळलेले. ब्रोरा नदीवरच्या एका कीपरच्या (राखणदाराच्या) नावाची आहे ही. पाणी मोठं आणि थंड झालं की मी हिची ट्यूब करते, अ‍ॅल्युमिनियमची इंच-दीड इंच, खूप पाणी असेल तर पितळी किंवा तांब्याची. ट्यूबच्या तोंडाशी कोनहेड (धातूचा छोटा शंकू) लावला की ती पटकन खाली जाते, पण मग कास्ट जरा मोकळ्या वळणाचा ठेवा, घाई केली तर सगळं गुंतणार.

आणि तिसरं म्हणजे उजळ नारिंगी किंवा लाल काहीतरी, नोव्हेंबरच्या तोंडावर. नर तेव्हा लालसर झालेले असतात, जबडा वाकडा, आपापली जागा अडवून बसलेले, त्यांच्या हद्दीत असं काही भडक घुसलं की उसळतात. आइसलंडची स्नेल्डा, पार्क श्रिंप, फ्लेमथ्रोअर यातलं काहीही चालेल. काळसर सन रे शॅडोही एक ठेवा, जिथे सगळे तेच तेच दाखवून गेलेत अशा डोहात ती वेगळी पडते. बास, याहून जास्त नको. बॉक्समध्ये चाळीस पॅटर्न असले की माणूस पाण्याकडे बघायचं सोडून फ्लाय बदलत बसतो. पॅटर्न बदलण्याआधी तीच फ्लाय एक साइज लहान-मोठी करून बघा.

उड्यांबद्दल, जे मासे उंच झेप घेऊन धपकन पडतात ते बरेचदा वर निघालेले असतात किंवा नुसते अस्वस्थ, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. डोकं मग पाठ मग शेपटी असं शांतपणे गोल फिरून जाणारा दिसला तर त्याच्या वरच्या बाजूला जाऊन सावकाश खाली या.

बॉर्डर्सकर

पाणी चढण्याचा मुद्दा राहिला. सेपाच्या (स्कॉटलंडची पर्यावरण संस्था) साइटवर नदीच्या पातळीचे गेज दिसतात, आठवडाभर आधीपासून रोज बघत राहा म्हणजे नदी कशी वागते ते कळेल. पाणी चढत असताना, पानं-काटक्या-फेस सगळं वाहत असताना मासा क्वचितच घेतो. खरी मजा पाणी ओसरायला लागल्यावर, रंग मातकट असतो तो कोऱ्या चहासारखा व्हायला लागला की. गुडघाभर पाण्यात बूट दिसायला लागले की मी मनापासून टाकायला सुरुवात करतो.

केल्सोला आहात म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा, टेव्हिअट नदी तिथेच जंक्शनला ट्वीडला मिळते, आणि ती बरेचदा शेतातला गाळ घेऊन येते. त्यामुळे जंक्शनच्या वर पाणी बरं आणि खाली तपकिरी असं होऊ शकतं. गिलीला आदल्या संध्याकाळीच फोन करून विचारा, त्याच्याइतकी त्या पाण्याची खबर कुणालाच नसते.

मोठ्या पाण्यात मासे मधल्या जोराच्या धारेत थांबत नाहीत, काठाशी येतात, अगदी तुमच्या पायाशी. म्हणून उतरण्याआधी काठावरूनच आखूड लाइनने पुढचं पाणी झाडून घ्या. बरेच लोक कमरेपर्यंत जाऊन उभे राहतात आणि ज्या पाण्यात मासा होता तिथेच उभे असतात. डोहाची शेपटी, म्हणजे पाणी उथळ होऊन खाली खळाळायला लागतं त्याच्या थोडं वर, तिथेही बघाच, खळाळ चढून आलेला मासा दम खायला तिथे थांबतो. पाणी खाली गेलं की मग डोहाचं तोंड, जिथे धार आत शिरते.

पानांवर उपाय एकच, प्रत्येक कास्टनंतर फ्लाय बघायची. पान अडकलेली फ्लाय मासा घेत नाही आणि तुम्हाला पंधरा मिनिटं कळतही नाही. ट्रेबलपेक्षा (तीन काट्यांचा गळ) सिंगल किंवा छोटा डबल कमी पानं गोळा करतो, शिवाय सोडताना माशालाही बरं.

काठी आणि लाइफ जॅकेट घ्या, ऑक्टोबरच्या पाण्यात पाय घसरला तर अंग लगेच बधिर होतं. आणि रविवार धरू नका, स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन फिशिंग बंद असतं.

पाणकाठी

खूपच उपयोगी, आभार सगळ्यांचे. अजून दोन गोष्टी. थंड पाण्यात मासा फ्लाय घेतो तेव्हा कळतं कसं? आणि झटका द्यायचा की नाही? आमच्या मित्राला सवयच आहे काही लागलं की रॉड वर. दुसरं म्हणजे सोडायचाच असेल तर नीट कसा सोडायचा, ऑटमचे मासे अंड्यांनी भरलेले असतात ना.

उत्तरेचा वारा

झटका अजिबात नाही. मित्राला हे आधीच सांगून ठेवा. मासा फ्लाय तोंडात घेऊन आपल्या जागेकडे वळतो आणि त्या वळण्यात गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुम्ही घाईने रॉड उचललात तर फ्लाय त्याच्या तोंडातूनच निघते. रॉड खाली, टोक लाइनच्या दिशेला, रीलचा ड्रॅग हलका ठेवायचा आणि लाइन बोटाने दाबून धरायची नाही. लाइन जाऊ द्या, रील वाजू द्या, वजन सतत जाणवायला लागलं की मग रॉड शांतपणे वर.

थंडीत घेणं बरेचदा हिसका नसतंच. लाइन फिरता फिरता नुसती जड होते, स्विंग मध्येच थांबल्यासारखा वाटतो. पानसुद्धा असंच वाटतं, पण पान जड होतं आणि तसंच धारेबरोबर येत राहतं. मासा असेल तर जडपणा धारेच्या उलट सरकतो, किंवा आतून एक-दोन ठोके जाणवतात. शंका आली तरी झटका नाही, थांबायचं.

डोहवाली

सोडण्याबद्दल मी लिहिते कारण मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१४ पासून ट्वीडचा ऑटम रन (या दिवसांत समुद्रातून नदीत चढणारे मासे) फार घसरलाय, पूर्वी ज्याच्यासाठी लोक लांबून यायचे तो रन. आणि डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन धोक्यातल्या यादीत टाकला. त्यामुळे मी तरी ऑटममध्ये एकही ठेवत नाही, नर असो की मादी. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, ती काही आठवड्यांत वरच्या खडीत घालणार असते.

गळाचा उलटा काटा (बार्ब) आधीच पकडीने दाबून टाका. लीडर १५ पौंड ताण सोसणारा लावा, बारीक लावून मासा उगाच दमवत बसू नका, जितका लवकर आणाल तितका तो वाचण्याची शक्यता जास्त. जाळं रबराचं, बिनगाठीचं. मासा जाळ्यात पाण्यातच राहू दे, हात आधी ओले करा, गळ काढा, फोटो हवाच असेल तर मित्राने कॅमेरा तयार ठेवून मग क्षणभर पाण्याच्या जेमतेम वर. शेपटीने उभा लटकवू नका आणि पोटाला दाबू नका. मग तोंड वरच्या दिशेला, धार फार जोराची नको, शेपटीजवळ एक हात, पोटाखाली एक, आणि तो स्वतः हात झटकून जाईपर्यंत धरून ठेवा. पहिल्या हालचालीला सोडलात तर कधी कधी तो उलटा होतो. कितीही वेळ लागू दे, घाई करू नका.

आणि खाली उतरताना फिकट, नुकतीच उकरल्यासारखी खडी दिसली तर त्यावर पाय देऊ नका, नोव्हेंबर जवळ आला की अंडी घालायला सुरुवात झालेली असू शकते.

बॉर्डर्सकर

एकच भर. रात्री दव गोठलं असेल तर सकाळी आठला पळत जाऊ नका. नाश्ता करा, लाइन लावा, गिलीशी गप्पा मारा. ऊन जरा वर येऊन पाणी अर्धा डिग्री चढलं की मग, माझ्या अनुभवात ११ ते ३ हीच वेळ धरायची. त्या वेळात जेवायला वर येऊ नका, डबा काठावरच ठेवा, आणि कसं झालं ते इथे येऊन लिहा, पाण्याचं तापमान आणि लाइन दोन्ही सांगा.