मदत हवी आहे: रिक्वेस्ट ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलंय

बोरिवलीस्लो:
फोर्टातल्या एका क्लायंटचं जुनं इंट्रानेट अ‍ॅप आमच्या गळ्यात पडलंय. त्यात रिक्वेस्ट ऑब्जेक्ट (सर्व्हरकडून माहिती मागवणारी वस्तू) बनवायला रिकर्शन आहे: ट्रायमध्ये (करून बघायचा भाग) यादीतलं एक नाव, फसलं की कॅचमधून (चूक पकडणारा भाग) तेच फंक्शन पुढच्या नंबराने. माझ्याकडे चालतं, तिथल्या पाच मशीनवर 'मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड', म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉलची रास मर्यादेबाहेर. उद्या अकराला डेमो आहे, लवकर सांगा. गाडीत लटकलोय, कोड पेस्ट करता येत नाही.

कटिंगचाय:
ब्राउजर?

बोरिवलीस्लो:
एज. सगळीकडे एजच.

जुनंखोड:
आयई मोडमध्ये (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालवायची एजमधली सोय) की साधं? आणि यादीत काय काय आहे?

बोरिवलीस्लो:
माझ्याकडे आयई मोड. तिथलं विचारलं नाही. यादीत तीन नावं: एमएसएक्सएमएल२ डॉट एक्सएमएलएचटीटीपी डॉट ६.०, तेच ३.०, आणि मायक्रोसॉफ्ट डॉट एक्सएमएलएचटीटीपी.

पार्लेकर:
२०००च्या दशकातलं कोडं घेऊन बसलात. सरळ फेच वापरा, ब्राउजरची नवी रिक्वेस्टची सोय.

जुनंखोड:
आयईत फेच कधी आलाच नाही, पार्लेकर. त्याचं आयई मोडवालं मशीन बंद पाडायचंय का?

पार्लेकर:
मग जेक्वेरी लावा. आमच्याकडे अजून चालते.

कटिंगचाय:
एक ऑब्जेक्ट बनवायला अख्खी लायब्ररी? वडापावसाठी लग्नाचा आचारी बोलावल्यासारखं झालं. त्यापेक्षा साधा फॉर लूप लिहा. तीन नावांसाठी रिकर्शनची हौस कशाला?

जुनंखोड:
लूपनेही होईल, पण इथे दोष रिकर्शनचा नाही, थांबायची जागाच नाही. साध्या एजमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सऑब्जेक्ट नावाची वस्तूच नसते, आणि यादीतलं सगळं तिच्यातूनच बनतं (आयईला विंडोजचे भाग वापरू देणारी जुनी सोय), म्हणून तिन्ही नावं फसतात. चौथ्या खेपेला यादीत काहीच नाही, तेही फसतं. पाचवी, सहावी, पाचशेवी... कॅच प्रत्येक वेळी खरी चूक गिळून पुढे ढकलतो आणि शेवटी स्टॅक भरला एवढंच तुला दिसतं. कॅचच्या पहिल्या ओळीत पकडलेल्या एररचा मेसेज छापून बघ.

मीनाताई:
माझा भाचा बारावीला आहे, त्याने जावास्क्रिप्ट आधी शिकावी की पायथन? दादरजवळ चांगला क्लास असेल तर सांगा.

कटिंगचाय:
ताई, वेगळा धागा काढा.

बोरिवलीस्लो:
घरी पोचलो. क्लायंटच्या माणसाला फोन केला, तिथे आयई मोड लागलाच नव्हता. साध्या एजमध्ये मेसेज छापला: 'अ‍ॅक्टिव्हएक्सऑब्जेक्ट इज नॉट डिफाइन्ड'. यादीच्या शेवटी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (ब्राउजरचा स्वतःचा, नेटिव्ह) घातला, नंबर यादीबाहेर गेला की थ्रो, म्हणजे चूक फेकून थांबायचं. आता स्टॅक गेला, पण 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड', ओपनच्या ओळीवर.

जुनंखोड:
कॅचमध्ये फंक्शन नुसतं बोलावतोयस की रिटर्न लिहिलंयस?

बोरिवलीस्लो:
नुसतं बोलावतोय.

जुनंखोड:
मग आतल्याने ऑब्जेक्ट बनवून दिला आणि बाहेरच्याने तो वाटेतच टाकला. माझ्याकडे चालतं म्हणालास, कारण तुझं पहिलंच नाव लागतं, कॅचपर्यंत जायची वेळच येत नाही. रिटर्न लाव. आणि तो नेटिव्हवाला शेवटी कशाला? वर घे. आयई ७ पासून, म्हणजे २००६ पासून तो आयईतही आहे. १९९९ला आयई ५ मध्ये ही सोय अ‍ॅक्टिव्हएक्स म्हणून आली होती, तुझी यादी त्याच काळातली.

पार्लेकर:
नेटिव्ह आयईत फाइल उघडून चालत नाही, आमच्याकडे झालं होतं.

जुनंखोड:
डबलक्लिक करून फाइल उघडली तर नाही, बरोबर. म्हणूनच यादी काढून टाक म्हणालो नाही. याचं अ‍ॅप सर्व्हरवर आहे ना?

बोरिवलीस्लो:
सर्व्हरवरच आहे. रिटर्न लावला, नेटिव्ह वर घेतला, दोन्हीकडे चाललं! आता त्या पाच मशीनवर आयई मोड लावायला सांगू की राहू दे?

कटिंगचाय:
अ‍ॅपमध्ये आणखी कुठे अ‍ॅक्टिव्हएक्स आहे का?

बोरिवलीस्लो:
प्रिंटिंगमध्ये आहे बहुतेक...

कटिंगचाय:
बहुतेक!