बंपरमागचा फोम म्हणजे थर्माकोल नव्हे

"बंपरच्या आत थर्माकोलच असतो, तुटला तर काढून टाका," असं गाडीच्या बंपरबद्दल एकाने लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. तो बहुधा ईपीपी असतो: पॉलिप्रॉपिलीनचे फुगवलेले दाणे साच्यात वाफेने एकमेकांना चिकटवून केलेला फोम. लिटरमागे 45 ग्रॅमचा तुकडा घेतला तर त्यात जवळपास 95 टक्के हवाच! थर्माकोल एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. ईपीपी दबतो, धक्का खातो आणि बराचसा पुन्हा फुलतो.

नाशिकच्या द्वारका चौकात माझ्या गाडीला मागून रिक्षा धडकली, तेव्हा अंबडच्या गॅरेजवाल्याने फोम न घालताच बंपर लावून दिला. घरी धुताना अंगठ्याने दाबलं तर नुसता पोकळ, आत जाणारा. खूप संताप आला. दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहून बंपर खोलायला लावला, नवा फोम बसवून घेतला.