मदत हवी आहे: 1920च्या दशकातला सोप्रानो सॅक्सोफोन घ्यावा की नवा?

मंडळी, नमस्कार. मी आठ वर्षं ऑल्टो सॅक्सोफोन वाजवते आहे. जॅझ वादक सिडनी बेशेचं वादन ऐकल्यापासून सोप्रानो डोक्यातून जात नाही. आता दोन वाद्यं समोर आली आहेत आणि घेता येईल एकच. पहिला आहे ब्यूशर ट्रू टोन, 1920च्या दशकातला, सरळ नळीचा, चांदीचा मुलामा दिलेला. दुसरा यामाहाचा वायएसएस-475, थोडाच वापरलेला. ट्रू टोनच्या मालकाने दोन आठवडे घरी वाजवून बघायला दिला आहे, त्यातला एक आठवडा संपला.

अडचण अशी. ट्रू टोनचा खालचा आवाज ऐकून मी पहिल्या दिवशी नुसती खालच्या डीवर पाच मिनिटं थांबले होते. भरलेला, गोल, कुठेही नाकातून येत नाही. पण वर गेलं की सूर सुटतो. मधला जी ट्यूनरवर बरोबर लावून घेतला, तर डाव्या तळहाताच्या चावीवरचा डी 25 सेंट चढा आणि ई फ्लॅट 35 सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). ओठ सैल करून खाली आणते, तर आवाज पातळ होतो. तोच माउथपीस यामाहावर लावला की सगळे स्वर 10 सेंटच्या आत. शिवाय ट्रू टोनला ई फ्लॅटच्या वर चावीच नाही, यामाहा मात्र एफ शार्पपर्यंत जातो.

माझा माउथपीस अलीकडच्या घडणीचा आहे, चेंबर म्हणजे आतली पोकळी लहान. दोष वाद्यातच असेल तर मन घट्ट करून परत देईन. पण तसं नसेल तर तो आवाज सोडवत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1
सगळ्यात आधी सीरियल नंबराजवळ काय कोरलंय ते बघा. त्या काळात वाद्यं दोन पट्ट्यांत बनत. लो पिच म्हणजे आजचा ए 440 हर्ट्झ. हाय पिचचा ए 457च्या आसपास असतो, म्हणजे सुमारे 65 सेंटचा फरक. हाय पिचचं वाद्य माउथपीस बाहेर ओढून सुरात येत नाही, कारण त्याची भोकंच आखूड मापावर पाडलेली असतात. तसं निघालं तर पुढचा विचारच करू नका.

धागाकर्ती
बघितलं. ‘लो पिच’ असं स्वच्छ कोरलेलं आहे. हुश्श!

प्रतिसाद 2
मग माझा संशय माउथपीसवर आहे. सॅक्सोफोन म्हणजे टोक कापलेला शंकू. त्या कापलेल्या टोकाची पोकळी माउथपीसने भरून काढायची असते. पोकळी कमी पडली की सगळ्यात जास्त त्रास आखूड नळीच्या स्वरांना होतो, म्हणजे नेमका तुमच्या डी आणि ई फ्लॅटला. ट्रू टोन मोठ्या, गोल चेंबरच्या माउथपीससाठी घडवलेला आहे. त्यावर लहान चेंबर लावून वाद्याला बेसूर म्हणणं अन्याय आहे. सोप्रानोची नळी एवढीशी, त्यामुळे ऑल्टोवर खपून जाणारी चूक इथे उघडी पडते.

आणखी एक करा. नुसता माउथपीस फुंका. ऑल्टोवर ए ऐकू यायला हवा हे तुम्हाला ठाऊक असेलच, सोप्रानोला ट्यूनरवर सी दिसायला हवा. त्याहून वर जात असाल तर ओठ जास्त आवळताय. ऑल्टोवरून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं.

आणि ‘जुना’ हा एकच गट धरू नका. 1954 पासूनच्या सेल्मर मार्क सिक्स या सॅक्सोफोनच्या चाव्यांची मांडणी आजच्या वाद्यांच्या खूप जवळ आहे. 1920च्या दशकातल्या अमेरिकन सोप्रानोवर मात्र डाव्या करंगळीला खरंच कष्ट पडतात. खालचा सी शार्प आणि बी सलग वाजवून बघा, मग ठरवा.

प्रतिसाद 3
मी वाद्यं दुरुस्त करतो. ब्यूशरच्या पॅडच्या (भोक बंद करणाऱ्या गादीच्या) मधोमध धातूचं बटण असतं, ते चावीच्या वाटीतल्या खुंटीवर दाबून बसतं. बऱ्याच वाद्यांत कोणीतरी त्या खुंट्या कापून साधं पॅड चिकटवलेलं असतं. नळीत दिवा सोडून अंधारात एकेक चावी हलकी दाबा, फटीतून उजेड आला तर तिथे हवा गळतेय. चाव्या किती उघडतात तेही बघा. पॅड पातळ बसवल्याने चावी जास्त उघडत असेल तर तो स्वर चढतो. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. नळी वाकलेली असेल तर मात्र घेऊ नका.

धागाकर्ती
चार दिवसांनी लिहिते आहे. मोठ्या चेंबरचा माउथपीस एका मित्राकडून मागून आणला. नुसता माउथपीस फुंकला तर मी सीच्या वर, डीच्या जवळ जात होते, म्हणजे आवळणं माझंच होतं. दोन दिवस फक्त लांब स्वर धरले. आता डी 8 सेंट चढा आणि ई फ्लॅट 12. तो ओठांनी सहज खाली येतो आणि आवाज पातळ होत नाही. नळी सरळ आहे. दिव्याने बघितलं तर खालच्या बी आणि बी फ्लॅटच्या पॅडला बारीक फट आहे, खुंट्या मात्र सगळ्या शाबूत आहेत. करंगळीला त्रास होतो, तो मी सोसेन.

ट्रू टोन ठेवते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. आता एवढंच सांगा: लहान चेंबरला मी तीन नंबरची रीड (माउथपीसवर बसणारी, फुंकल्यावर कंप पावणारी पट्टी; नंबर जितका मोठा तितकी कडक) वापरत होते. मोठ्या चेंबरच्या या माउथपीसचं तोंड जास्त उघडं आहे, आणि तीनवर खालचा बी फ्लॅट हळू फुंकला तर लागतच नाही. अडीचवर यावं, की आधी ती दोन पॅडं बदलून मग ठरवावं?

प्रतिसाद 3
आधी पॅडं. गळती असताना रीड बदललीत, तर सवय गळक्या वाद्याची लागेल.