प्रति: काम शिकून आलेत, मग अडतं कुठे?
येरवडा तुरुंगात कैद्यांना सुतारकाम, शिवणकाम शिकवतात, तरी सुटल्यावर बाहेर काम का मिळत नाही, असं वर विचारलंय. अहो, कसबापाशी अडतच नाही! आधार कार्ड हरवलेलं, खोली कुणी देत नाही, वॉचमनच्या नोकरीलाही पोलिसांची चारित्र्य पडताळणी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांना पुन्हा उभं करायच्या कामात आहे. त्यांची एक पद्धत मला फार पटते: सुटलेल्याला आधी एखाद्या स्वयंसेवी संस्थेत कामाला ठेवायचं, विद्यावेतन प्रकल्पाने द्यायचं. वेळेवर येण्याची सवय लागते, सांगायला अनुभव होतो. आणि खटला चालू असेल तर कोर्टाच्या तारखांचं मालकाशी आधीच बोलून घ्यावं; न सांगता चार खाडे झाले की तो दुसरा माणूस बघतो.